इकॉनॉमीला मराठीत काय म्हणायचं?

भाषांतराचं काम करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो: "इकॉनॉमीला मराठीत नेमका शब्द कोणता?" विचारणाऱ्याला 'अर्थव्यवस्था' ठाऊक असतंच, फक्त समोरच्या वाक्यात ते बसत नसतं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. एकच एक शब्द नाही, आणि तो शोधूही नये. इंग्रजी शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. मराठीने त्यांची वाटणी केव्हाच करून टाकली आहे.

ग्रीकमध्ये 'ओइकोस' म्हणजे घर, आणि घराचा कारभार पाहणं म्हणजे 'ओइकोनोमिया'. इंग्रजीतही हा शब्द आधी घर चालवण्यासाठीच आला. देशाबद्दल बोलायचं तर आधी 'पोलिटिकल' लावावं लागे. देशभरच्या व्यवहारांचा मिळून एक अवाढव्य प्राणी, जो मंदावतो, सावरतो, तापतो, ही कल्पना विसाव्या शतकातली. मराठीत घराकडचा वाटा 'काटकसर', 'किफायत', 'बचत' यांना गेला, देशाकडचा 'अर्थव्यवस्थे'ला. म्हणून माझी कसोटी साधी आहे. वाक्यात आधी 'काटकसर' घालून पाहा. अर्थ लागला तर तिथेच थांबा.

देशाकडचा शब्दही सहजासहजी ठरला नाही. लोकहितवादींनी 1849 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'लक्ष्मीज्ञान'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 1855 मध्ये 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिली, आणि पुढे 'अर्थशास्त्र' रुळलं. कौटिल्याचा ग्रंथ तेव्हा छापलेलाही नव्हता. शामशास्त्रींनी तो म्हैसूरला 1909 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 'अर्थ' म्हणजे माणसांची उपजीविका आणि माणसं राहतात ती भूमी, आणि ती भूमी मिळवण्या-राखण्याचं शास्त्र ते अर्थशास्त्र. शेती, पशुपालन आणि व्यापार यांना मिळून कौटिल्य 'वार्ता' म्हणतो. म्हणजे आपल्याकडे चांगला शब्द तयार होता, तो आपण बातम्यांना देऊन बसलो.

काटकसरीची कसोटी सगळ्यात छान लागते ती क्रिकेटला. शिवाजी पार्कवर "त्याची इकॉनॉमी काय?" असं कुणी विचारलं, तर त्याला एवढंच हवं असतं की गोलंदाजाने षटकामागे किती धावा दिल्या. दिलेल्या धावा भागिले षटकं. वाईड आणि नो-बॉलच्या धावा गोलंदाजाच्या खात्यावर जातात, बाय आणि लेगबाय जात नाहीत. चूक होते ती भागाकारात. 3.4 षटकं म्हणजे दशांशातले 3.4 नव्हेत, तीन षटकं आणि चार चेंडू, म्हणजे 22 चेंडू. 22 धावा दिल्या असतील तर इकॉनॉमी बरोबर 6. मोबाइलवर 22 भागिले 3.4 केलंत तर 6.47 येईल आणि गोलंदाजावर अन्याय होईल. आधी चेंडू मोजा, धावांना 6 ने गुणा, मग चेंडूंनी भागा.

या अर्थाचा कळस म्हणजे मुंबईकडून खेळलेले बापू नाडकर्णी. जानेवारी 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध एका डावात 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा. बळी एकही नाही. त्यातली 21 निर्धाव षटकं सलग. षटकामागे 0.16 धावा! याला 'अर्थव्यवस्था' कोण म्हणेल? तरीही यंत्राने केलेल्या भाषांतरात 'गोलंदाजाची अर्थव्यवस्था' अधूनमधून भेटते.

गाडीच्या 'फ्युएल इकॉनॉमी'ला 'इंधन अर्थव्यवस्था' म्हणणं ही अशीच चूक. लोक विचारतात, "अ‍ॅव्हरेज किती देते?" लिहिताना 'मायलेज' लिहावं, दोन्ही सगळ्यांना कळतं. पण ते मोजतात कसं, हे कळलं की शब्दही बरोबर निवडला जातो. दुचाकी मेन स्टँडवर उभी करून टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, किमान 250-300 किलोमीटर चालवा, मग शक्यतो त्याच पंपावर, तशीच उभी करून त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. दुसऱ्यांदा गेलेले लिटर धरायचे, पहिल्यांदाचे नाहीत. 286 किलोमीटरला 6.2 लिटर गेलं तर लिटरमागे 46 किलोमीटर. गाडी साइड स्टँडवर कलती ठेवून अर्धा लिटर कमी भरलं गेलं, तर उत्तर 50 येईल. तीच अर्ध्या लिटरची चूक 60 किलोमीटरवर मोजणाऱ्याने केली, तर 46 चे एकदम 75 होतात. कट्ट्यावरची अचाट अ‍ॅव्हरेज बहुतेक अशीच निघालेली असतात.

दुकानातला 'इकॉनॉमी पॅक' म्हणजे किफायतशीर पुडा, निदान तसा दावा. तो तपासायला पाकिटावर एमआरपीच्या जवळ एककाचा दर छापलेला असतो. गोम अशी की एक किलोच्या आतल्या पुड्यावर तो ग्रॅममागे असतो आणि किलोच्या वरच्या पुड्यावर किलोमागे. समजा 200 ग्रॅमचा पुडा 84 रुपयांना आहे: ग्रॅममागे 42 पैसे. शेजारी 1.2 किलोचा 'इकॉनॉमी' पुडा 516 रुपयांना: किलोमागे 430 रुपये. दोन आकडे वेगवेगळ्या मापात असल्याने डोळा फसतो. 0.42 ला हजाराने गुणा, 420 येतात. लहान पुडाच स्वस्त निघाला.

रेल्वेच्या थ्री टियर एसी इकॉनॉमी डब्यात 83 पर्यंत बर्थ असतात, नेहमीच्या थ्री टियर एसीत 72. इथे काटकसर जागेची आहे, आणि ती प्रवाशाच्या गुडघ्यांकडून वसूल होते. या नावाचं भाषांतर करू नये. तिकीटखिडकीवर कुणी 'किफायतशीर वातानुकूलित' मागत नाही.

पाठ्यपुस्तकांत मात्र 'बचत' शब्दाचा घोळ आहे. उत्पादन वाढलं की नगामागे खर्च उतरतो, त्याला 'अंतर्गत बचती' आणि 'बाह्य बचती' म्हणतात. बँकेत ठेवतो तीही बचतच. विद्यार्थी गोंधळला तर त्याचा काय दोष? मी अशा ठिकाणी सरळ 'मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनाचा फायदा' लिहिते. लांब आहे, पण चुकत नाही.

'आर्थिक' हे विशेषण तर याहून निसरडं. 'आर्थिक वर्ष', म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च, हे पैशांच्या हिशेबाचं. 'आर्थिक अडचण' म्हणजे खिसा रिकामा. 'आर्थिक धोरण' मात्र देशाचं. 'वित्तीय' हा शब्द असूनही बोलण्यात कुणी वापरत नाही, त्यामुळे दोन्ही ओझी 'आर्थिक'वरच.

मुंबईत याचा प्रत्यक्ष फटका बसू शकतो तो 'ईडब्ल्यूएस' या आद्याक्षरांमुळे. शिक्षण-नोकरीतल्या 10 टक्के आरक्षणात त्याचं मराठी 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक' असं आहे, आणि तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत याच आद्याक्षरांना 'अत्यल्प उत्पन्न गट' म्हणतात, आणि 2022 मध्ये मुंबई परिसरासाठी त्याची मर्यादा 6 लाख ठरली. आरक्षणाला इतर मागास किंवा अनुसूचित प्रवर्गातला अर्जदार चालत नाही. म्हाडाचा उत्पन्न गट जात पाहून ठरत नाही. म्हणून सात लाखवाल्याने हातात आरक्षणाचं प्रमाणपत्र आहे म्हणून म्हाडाचा अत्यल्प गट निवडला, तर अर्ज चुकीच्या गटात जातो. आद्याक्षरं बाजूला ठेवून अर्जावरचं मराठी नाव वाचा, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीतली मर्यादा बघून मगच गट निवडा.