सहाच्या फटीला दहाचा बोल्ट

काका पिशवीतलं क्लॅम्पिंग किट, म्हणजे मशीनच्या टेबलावर जॉब आवळून धरायचं सामान, थेट माझ्या मापं तपासायच्या सपाट सरफेस प्लेटवर ठेवायला निघाले होते. मी आधी त्यांचा हात धरला आणि किट शेजारच्या बाकावर ठेवायला लावलं. भोसरीतल्या आमच्या टूलरूममध्ये सरफेस प्लेटवर चहाचा कपसुद्धा चालत नाही. काका बिचारे ओशाळले. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, त्यांना हे कुठून माहीत असणार?

किट मात्र झकास होतं. ५८ नगांचं, काळं केलेलं, सगळं एम १०, म्हणजे १० मिमीच्या आट्याचं. टेबलाच्या उलट्या टी आकाराच्या स्लॉटमध्ये सरकणारे टी-नट, त्यांत फिरवायचे आटेदार दांडे म्हणजे स्टड, जॉब दाबणारे क्लॅम्प, क्लॅम्पच्या मागच्या टोकाला टेकू देणारे स्टेप ब्लॉक, जे हवं ते. अडचण एवढीच की त्यातला एकही टी-नट काकांच्या मशीनच्या टेबलात शिरत नव्हता. "ग्राइंड करून बसवून द्याल का?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मशीन त्यांच्या दुसऱ्या हातातल्या खोक्यात होतं. प्रॉक्सॉन कंपनीचं एमएफ ७०, फिरत्या कटरनं धातू कापणारं छोटं मिलिंग मशीन, वजन ७ किलो. खोकं उघडलं तशी आमची पोरं हातातली कामं सोडून जमली. आमच्या मोठ्या एम १ टीआर मिलिंग मशीनवरचा नुसता वाइस (जॉब धरायचा शिकंजा) त्याहून जड आहे! टेबल २०० बाय ७०, कटरची शँक म्हणजे दांडी जास्तीत जास्त ३.२ मिमी, कटर फिरवणारा स्पिंडल मिनिटाला ५,००० ते २०,००० फेऱ्यांचा. पोरांना हसू येत होतं, पण हँडल फिरवून पाहिल्यावर त्यांचं हसू जरा कमी झालं.

मी स्लॉटला मापाचा व्हर्नियर लावला. माहितीपत्रकात स्लॉटचं माप १२ × ६ × ५ असं दिलेलं. काकांनी पहिला आकडा धरला आणि दुकानात जाऊन १२ चं किट मागितलं. दुकानदारानं १२ चंच दिलं, त्याचं काही चुकलं नाही. बाजारात १२ चा स्लॉट म्हणजे वरची फट १२, आणि तिला एम १० चा स्टड. टी-नटांच्या डीआयएन ५०८ या जर्मन मानकाच्या तक्त्यात त्या नटाचं डोकं १८ मिमी रुंद असतं. काकांच्या टेबलात १२ ही खालच्या पोकळीची रुंदी, वरची फट जेमतेम ६. त्यात एम १० चा स्टडच जात नाही, तर नट ग्राइंड करून काय उपयोग?

किट मी पावतीच्या भावानं ठेवून घेतलं. आमच्या एका जुन्या मशीनला १२ चा स्लॉट आहे, तिथे ते लागलं. काकांचा जीव भांड्यात पडला.

आता ६ च्या फटीला काय? तक्त्याप्रमाणे एम ५. काकांना ते फारच किरकोळ वाटलं. "एम ६ तरी करा हो." मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. फटीत सहज सरकायचं तर नटाची मान, म्हणजे फटीत येणारा वरचा भाग, ५.८ ची ठेवायची. त्यात एम ६ चं भोक पाडलं तर मान उरतेच कुठे? आणि ३ मिमीच्या एंडमिलनं (कटरनं) दोन-दोन दशांश मिमी काढणाऱ्या मशीनला एम ५ पुरून उरतो. टेबल पडलं ॲल्युमिनियमचं. पान्याला जोर लावला तर बोल्ट तुटायच्या आधी स्लॉटचा ओठ म्हणजे फटीची कडच वर येईल.

म्हणून टी-नट आखूड चौकोनी न करता २० मिमी लांब केले, म्हणजे दाब ओठाच्या जास्त लांबीवर पसरतो. ब्राइट बार म्हणजे गुळगुळीत स्टीलची एक पट्टी एम १ टीआरवर लावली, दोन्ही बाजूंनी खांदे काढून टी केला, डोकं ११.५ रुंद, मान टेबलाच्या वर येणार नाही एवढीच उंच. मग कापून ४.२ चं ड्रिल आणि आटे पाडायला एम ५ चा टॅप. शेवटी प्रत्येक नट उलटा धरून खालच्या आट्याच्या कडेला सेंटर पंचाचे ठोके दिले. हे ठोके कशाला, असं काकांनी विचारलं. स्टड नटातून आरपार गेला तर तो स्लॉटच्या तळावर टेकतो आणि जॅकसारखा नटाला वर ढकलतो. आपल्याला वाटतं जॉब घट्ट होतोय, खरं तर टेबल फाटत असतं. बिडाच्या मोठ्या टेबलांचे ओठ असे उडालेले मी पाहिलेत. खालचा आटा ठोकून बुजवला की स्टड तिथेच अडतो.

क्लॅम्पही १६ × ६ च्या पट्टीचे घरच्या घरी केले. स्टेप ब्लॉकऐवजी मागच्या टोकाला एक एम ५ चा बोल्ट, तोच टाचेचं काम करतो आणि हवा तितका वरखाली होतो. टाच जॉबपेक्षा किंचित उंच ठेवायची आणि टाचेखाली पितळेचा तुकडा ठेवायचा, नाहीतर टेबलावर खळगे पडतात. स्टड जॉबच्या जवळ घ्यायचा. तो बरोबर मध्ये असला तर निम्मा जोर टाचेवरच जातो. नवशिक्या पोरांना हे दहा वेळा सांगूनही स्टड टाचेजवळच सापडतो, काकांना एकदाच सांगावं लागलं.

एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण मी सहज विचारलं, "जॉब काय आहे?" काकांनी खिशातून ड्रॉइंग काढलं. माथेरानच्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल. १९०७ साली सुरू झालेली ती दोन फुटी लाइन, ओरेनस्टाइन अँड कोपेलची इंजिनं, सगळा इतिहास उभ्याउभ्या ऐकायला मिळाला. करायचा होता कपलिंग रॉड, म्हणजे चाकांना जोडणारा दांडा. स्टीलची ४ मिमीची पट्टी, दोन्ही टोकांना गोल डोळे आणि मध्ये बारीक कंबर, चहूबाजूंनी कटर फिरवायचा. म्हणजे इतका वेळ खपून केलेले क्लॅम्प या जॉबला बिनकामाचे! जिथे क्लॅम्प बसवावा तिथूनच कटर जाणार. वाइसमध्ये धरला तर जबड्यांच्या बाजू कापायच्या राहणार.

दांड्याला डोळे होते, हे बरं. आधी दोन्ही डोळे ड्रिल-रीम करून (भोक पाडून नेमक्या मापाला आणून) घेतले. १० मिमीची ॲल्युमिनियमची प्लेट नव्या टी-नटांवर बसवली, बोल्टची डोकी प्लेटच्या आत बुडवून. प्लेटवर डोळ्यांच्या अंतरावर एम ४ ची दोन भोकं पाडली, लेथवर डोळ्यांत नेमके बसणारे पितळी बुश म्हणजे छोटी नळकांडी काढली आणि त्यातून स्क्रू घालून दांडा आवळला. आता बाहेरून पूर्ण फेरी मोकळी.

कटर ३ मिमीचा कार्बाइड, स्पिंडल सर्वांत हळू, ५,००० वर. टोकं छान निघाली. कंबर बारीक व्हायला लागली तसा मात्र दांडा किंचाळायला लागला. दोन्ही टोकं पक्की, पण मधला भाग बाजूला लवत होता. मी कट निम्मा केला, किंचाळणं काही थांबेना. मधून क्लॅम्प टाकून कंबर दोन टप्प्यांत कापायची, असा विचार मी करत होतो. आमचे मिस्त्री तंबाखू मळत मागे उभे होते. ते म्हणाले, "साहेब, फेविक्विक लावा की खाली."

दांडा सोडला, खालची बाजू आणि प्लेट थिनरनं पुसली, कंबरेच्या लांबीभर फेविक्विकचे थेंब टाकले आणि स्क्रू पुन्हा आवळले. सुकेपर्यंत चहा झाला. नंतरच्या कटला नुसती सळसळ, भुसा बारीक आणि एकसारखा. कंबरेची बाजू बोटानं पाहिली तर लाटा नाहीत. सोडवताना ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवला आणि थोड्या वेळानं पातळ पात्यानं उचलला.

इंजिनाच्या दुसऱ्या बाजूचा दांडा काकांनी स्वतः केला, मी फक्त शेजारी उभा होतो. दोन्ही दांडे एकाच प्लेटवर, एकाच भोकांवर झाल्यामुळे डोळ्यांतलं अंतर जुळवत बसावं लागलं नाही. ते जुळलं नाही तर चाकं अर्ध्या फेरीत अडकतात, हे काकांनाच मला सांगायचं होतं आणि त्यांनी ते दोनदा सांगितलं.

उरलेली टी-पट्टी त्यांनी मागून घेतली. जाताना विचारलं, पुढे सिलिंडर करायचे आहेत, पितळेचे गोल, तर एखादा चांगला वाइस घेऊन ठेवू का? मी म्हटलं, आधी ड्रॉइंग घेऊन या, मग पाहू. गोल जॉबला कदाचित छोटा व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) आणि हेच चार क्लॅम्प पुरतील.