बीट रंग सोडतं : आमची वाटचाल

डबा लावणारं प्रत्येक नवीन गिऱ्हाईक विचारतं की तुम्ही या बीटाच्या सॅलडच्या डब्यांच्या धंद्यात कशा पडलात, तर एकदाचं लिहूनच टाकते. आम्ही म्हणजे मी आणि माझी मोठी जाऊ. नाशिकला इंदिरानगरात वर-खाली राहतो, वर मोकळी गच्ची. आणि गंमत म्हणजे मला बीट अजिबात आवडायचं नाही, मातीचा वास येतो म्हणून. नंतर कळलं की तो जिओस्मिनचा वास, पहिल्या पावसात माती दरवळते त्यातही तेच असतं. पावसाचा वास आवडतो आणि बीटाचा नाही, काय म्हणायचं आता.

२०२० च्या लॉकडाऊननंतर जाऊबाईंनी गच्चीत सहा ग्रोबॅगा, म्हणजे माती भरून रोपं लावायच्या पिशव्या, मांडल्या आणि ऑक्टोबरात बीट लावलं, डेट्रॉइट डार्क रेड या जातीच्या बियांचं एक पाकीट. बी रात्रभर भिजवलं आणि टोचलं. आता बीटाचं ते खडबडीत दाणं दिसतं ना ते एक बी नसतंच, दोन-तीन-चार बियांचा गुच्छ असतो, त्यामुळे एकेका जागी तीन-तीन रोपं वर आली आणि आम्ही इतक्या खूष की एकही उपटायला हात धजेना. वर शेणखत भरपूर, शिवाय माझ्या नवऱ्याने कुठंतरी वाचून चिमूट-चिमूट युरिया टाकला तो वेगळाच. पानं अशी माजली की शेजारी बघायला यायचे. सव्वादोन महिन्यांनी उपटलं तर खाली उंदराच्या शेपटीएवढं बीट! दाटी आणि नत्र, दोन्हीचा प्रताप.

मग काय, पानांचीच भाजी केली, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि लसूण-मिरची घालून. पालक आणि बीट एकाच कुळातले, त्यामुळे चव ओळखीची लागते, फक्त देठ लाल. शेजारच्या काकूंना वाटीभर दिली तर दुसऱ्या दिवशी त्या जुडी मागायला आल्या आणि जाताना ओट्यावर वीस रुपये ठेवून गेल्या. आमची पहिली विक्री ती, बीटाची नाही, पाल्याची.

पुढच्या वर्षी शहाण्या झालो. रोपं बोटभर झाली की प्रत्येक गुच्छातलं एकच ठेवायचं, बाकीची कात्रीने कापायची, उपटायची नाहीत कारण शेजारच्याची मुळं हलतात (आणि कापलेली कोवळी रोपं सॅलडवर टाकायची, वाया काही नाही). दोन रोपांत चार बोटं अंतर, बारा इंची बॅगेत सात-आठ रोपं, पाणी रोज पण थोडं, कारण कोरडं पडून एकदम भरपूर पाणी मिळालं की बीट तडकतं. नाशिकची थंडी बीटाला मानवते. लिंबापेक्षा जरा मोठं झालं की काढायचं, बाजारात मिळतात तेवढे बोजड होऊ दिले की आतून दोरे येतात.

सॅलडची पहिली मोठी ऑर्डर एका भिशीची, पंचवीस जणींची. सकाळी सगळं एकत्र कालवून, मीठ लावून डबे भरले आणि दुपारी झाकण उघडलं तर पनीर, काकडी, कांदा, सगळं गुलाबी, तळाशी पाणी. होळीच. त्या बायका हसल्या, पैसेही दिले, पण आम्ही दोघी घरी येऊन गप्प बसलो होतो.

सांगायचं तर आमचा सगळा धंदा म्हणजे बीटाचा रंग बीटातच कसा ठेवायचा याची खटपट आहे. बीट सोलून उकडायचं नाही. पाल्याचं दोन बोटं देठ आणि खालची शेपटी ठेवायची, न टोचता सालीसकट कुकरमधे, गार झालं की साल अंगठ्याने सरकते. फोडींना आधी लिंबू चोळायचं, आंबटाने रंग खुलतो. डब्यात बीट वेगळ्या कप्प्यात, मीठ आणि दाण्याचं कूट पुडीत, खायच्या वेळी घालायचं. दह्यातली कोशिंबीर मात्र मुद्दाम गुलाबी करतो, वरून जिरं-हिंगाची फोडणी, आणि अजूनही सगळ्यात जास्त खपतं ते तेच! फेब्रुवारीत द्राक्षं आली की बीट, द्राक्षं, पुदिना, भाजलेले शेंगदाणे असं सॅलड करतो, ते माझं आवडतं.

एकदा सकाळी साडेसहाला एका काकांचा फोन, आवाज थरथरत होता. म्हणाले, "ताई, लघवीला लाल होतंय, मी आता हॉस्पिटलला निघालोय." मी विचारलं, काल डबा खाल्लात का? तर म्हणे, दोन खाल्ले, बायकोचाही. काही जणांना बीट खाल्ल्यावर तसं होतं, रंगच असतो तो, एक-दोन दिवसात जातो. तसं सांगितलं, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरकडे जाच म्हटलं. संध्याकाळी त्यांचाच फोन, उद्याचा डबा पाठवा म्हणून. तेव्हापासून डब्याच्या झाकणावर ती सूचना असते.

मधे एका डिलिव्हरी ॲपवर गेलो होतो, कमिशन कापून हातात काय उरतं ते पाहिलं आणि तीन महिन्यात बाहेर पडलो. आता साठेक डबे, सगळे पाच किलोमीटरच्या आत, भाचा स्कूटीवरून पोचवतो.

आणि एक कबुली. सुरुवातीला लेबलवर 'घरचं बीट' लिहायचो. चाळीस बॅगा आहेत, म्हणजे एका हंगामात फार तर तीनशे बीटं, आणि आम्हाला रोज चार किलो लागतं. एका ताईंनी तोंडावर हिशोब मांडला. खरंच होतं त्यांचं. आता बीट सिन्नरकडच्या एका शेतकऱ्याकडून येतं, गच्चीतला फक्त पाला आणि कोवळी रोपं, आणि लेबलवर तसंच लिहितो. दोन-चार गिऱ्हाइकं गेली. स्वस्त पडतं म्हणून घरी बीट लावायचं असेल तर लावू नका हो, मंडईत त्याहून स्वस्त मिळतं. ताज्या पाल्यासाठी लावा, तो मंडईत येईपर्यंत मान टाकतो.

यंदा जाऊबाईंनी पिवळ्या बीटाचं बी मागवलंय. त्यांचं म्हणणं, ते इतकं रंगवत नाही, म्हणजे एकाच डब्यात सगळं कालवता येईल. मला ते बीट वाटतच नाही. शेवटी दोन बॅगा त्यांच्या पिवळ्याला दिल्यात, बाकी अडतीस लाल.