न फुटलेला पान्हा

बाळ एकोणीस दिवसांचं आणि शतावरी कल्पाचा दुसरा डबा संपत आलेला. बाळाच्या आजीनं पिशवीतून तो डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, दुधातून तीन वेळा देतेय. एक वेळ चुकवलेली नाही. तरी हिला दूध येईना. दुसऱ्या कंपनीचा आणू का?"

मी आयुर्वेदाची वैद्य. प्रसूतितंत्रात एम.एस. केलं आणि आता एका धर्मादाय रुग्णालयात स्त्रियांची ओपीडी बघते. कोणत्या कंपनीचा कल्प चांगला, हा प्रश्न मला नवा नाही. पण त्या दिवशी डब्यापेक्षा त्यांच्या लेकीकडे लक्ष गेलं. बाळंतिणीला झोप नसते, ती पेंगुळलेली असतेच. ही भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर रडत होतं आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती. काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागायचा. बहुतेक उत्तरं तिची आईच देत होती.

बाळाला काट्यावर घेतलं. जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम, आज २ किलो ५६०. पहिल्या काही दिवसांत सगळीच बाळं थोडी उतरतात, पण दोन आठवड्यांत जन्मवजनावर परत यायला हवीत आणि पुढे दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवीत. "लघवी किती वेळा?" "तीनदा, कधी चारदा." सहाच्या वर असायला हवी होती. म्हणजे बाळ खरंच उपाशी होतं. हे वेगळं सांगावं लागतं, कारण 'दूध कमी आहे' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींचं दूध कमी नसतंच. बाळ संध्याकाळी रडतं, तासातासाला मागतं, आणि घरातलं कोणीतरी निदान करून टाकतं. अशा घरात शतावरी सुरू होते, तेवढ्यात बाळाची पकड सुधारते, आईला थोडा धीर येतो आणि श्रेय डब्याला जातं.

म्हणून आधी पकड पाहिली. समोर बसवून पाजायला लावलं. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, दुखत नव्हतं. पकडीत खोट नव्हती. फक्त गिळण्याचा आवाज नव्हता. दूध यायला लागलं की बाळाचं चोखणं संथ होतं, एक ओढ, एक घोट. इथे नुसतं भराभर चोखणं, मग दमून झोप, मग रडणं. पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत वजन केलं. आमचा काटा पाच ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवतो. दोन्ही बाजूंनी मनसोक्त पाजून झाल्यावर तो एकाच घरानं सरकला.

मग मी तिलाच विचारलं, "तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून आली होती का? दगडासारखी घट्ट?"

"नाही मॅडम. पहिल्यापासून मऊच आहे."

तिथून सगळं बदललं. दूध आधी येऊन नंतर आटणं वेगळं आणि मुळात न उतरणं वेगळं. वार पडली की रक्तातलं प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं खाली येतं, दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला मोकळं रान मिळतं आणि दोन-चार दिवसांत पान्हा फुटतो. आईनं काही खाल्लं-प्यायलं नाही तरी हे घडतं. ते घडलंच नसेल तर कारण शोधावं लागतं. वारेचा तुकडा आत राहिला असेल, स्तनातल्या दूध बनवणाऱ्या ग्रंथीच अपुऱ्या असतील, किंवा तिसरं काही.

"डिस्चार्जची फाइल?"

"घरी राहिली. नॉर्मलच झालं की बाळंतपण. थोडं रक्त जास्त गेलं एवढंच."

जावयानं घरून फोनवर पानांचे फोटो पाठवले. तिसऱ्या पानावर होतं ते 'थोडं': वार पडल्यावर अतिरक्तस्राव, रक्तदाब ७० पर्यंत घसरलेला, रक्ताच्या चार पिशव्या. शेवटच्या पानावर चार दिवसांपूर्वीचा एक रिपोर्ट. टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठी नेहमी करतात ती तपासणी, नॉर्मल. म्हणजे थायरॉइडची शंका आधीच कोणाला तरी आली होती आणि 'नॉर्मल' बघून ती मिटलीही होती.

मी रक्तदाब घेतला. ८४/५६. सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ. रक्त पाठवलं: प्रोलॅक्टिन, फ्री टी-फोर (थायरॉइडचं प्रत्यक्ष संप्रेरक), पुन्हा टीएसएच, कॉर्टिसॉल (रक्तदाब सांभाळणारं, शरीरात बनणारं स्टेरॉइड), सोडियम, साखर. आमच्या फिजिशियनना फोन केला आणि तिला वॉर्डात आडवं केलं. बाळाला वाटी-चमच्यानं पावडरचं दूध सुरू केलं. त्यावर मावशी, म्हणजे बाळाची आजी, रागावल्या. बाहेरच्या दुधाविरुद्ध आम्हीच भिंतींवर पोस्टर लावलेली आहेत, त्यामुळे त्यांचा राग अगदीच गैर नव्हता.

रिपोर्टची वाट बघताना आमच्या इंटर्ननं विचारलं, "मॅडम, शतावरीला पुरावा आहे की नाही? एका वाक्यात सांगा."

एका वाक्यात येत नाही. मी तिला आधी चरक उघडायला लावला. चरकाच्या स्तन्यजनन, म्हणजे दूध आणणाऱ्या, गणात दहा द्रव्यं आहेत: वीरण, शाली, षष्टिक, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश, गुंद्रा, इत्कट, कत्तृण. बहुतेक गवतं, आणि त्यांची मुळं. शतावरी त्यात नाही. भावप्रकाशात ती स्तन्य वाढवणारी म्हणून ठळकपणे येते, आणि तो ग्रंथ सोळाव्या शतकातला. 'पाच हजार वर्षांपासून सिद्ध' असं डब्यावर वाचलं की मला ही यादी आठवते. आपलेच ग्रंथ आपण नीट वाचत नाही आणि जाहिरातदार तर मुळीच वाचत नाहीत.

आता चाचण्या. १९९६ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी 'इंडियन पीडिअॅट्रिक्स'मध्ये एक चाचणी छापली. दूध कमी असलेल्या ६४ माता, निम्म्यांना शतावरी असलेलं मिश्रण, निम्म्यांना तसंच दिसणारं निष्क्रिय चूर्ण. प्रोलॅक्टिनमध्ये फरक नाही, बाळाच्या वजनात नाही, वरच्या दुधाच्या गरजेतही नाही. इंटर्न लगेच म्हणाली, "म्हणजे काम करत नाही." थांब म्हटलं. त्या मिश्रणात शतावरी १५ टक्केच होती, बाकी बाळंतशेपा, जिरं, ज्येष्ठमध वगैरे. नुसत्या शतावरीबद्दल ती चाचणी फार काही सांगत नाही.

२०११ मध्ये कोलकात्याहून दुसरी आली. ६० माता, नुसतं मुळाचं चूर्ण, ३० दिवस. शतावरी घेणाऱ्यांचं प्रोलॅक्टिन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलं, दुसऱ्या गटाचं सुमारे १० टक्क्यांनी. प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात ही चाचणी असते, १९९६ ची कुठेच नसते. पण प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे दूध तेवढंच वाढलं असं होत नाही. पहिले काही आठवडे गेले की दुधाचं प्रमाण मुख्यतः स्तन किती वेळा आणि किती रिकामा होतो यावर ठरतं. दूध साठून राहिलं तर तिथल्या तिथेच ते बनणं मंदावतं.

२०२० मध्ये चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं दूध वाढवणाऱ्या सगळ्याच औषधांचा आढावा घेतला, ४१ चाचण्या, ३,००५ माता. वनस्पतींचा काही फायदा असावा असं दिसतं, पण पुरावा इतका कच्चा की ठामपणे काही म्हणता येत नाही. जवळजवळ तीस वर्षं झाली तरी आपण अशा छोट्या चाचण्यांवरच अडून आहोत, याचं कारण मला तरी उघड दिसतं. १९४० च्या औषध कायद्यानुसार पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथात कृती दिलेली असली की त्या औषधाच्या परवान्याला नवी चाचणी लागत नाही. मग खर्च कोण करणार? ग्रंथात आहे म्हणून सिद्ध म्हणणारे आणि चाचणी नाही म्हणून थोतांड म्हणणारे, दोघांचंही मोठ्या चाचणीवाचून काही अडत नाही.

"मग तुम्ही लिहून का देता?" पोरगी हुशार आहे. लिहून देते, कारण दूध उतरलेलं आहे, पकड बरोबर आहे, आई खचलेली आहे, अशा वेळी महिनाभर चूर्ण घेतल्यानं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. चूर्ण म्हणतेय, कल्प नाही. कल्पात साखरच जास्त असते, आणि गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला तो दिवसातून तीनदा दुधातून देणं मला पटत नाही. पण आजच्या बाईला या सगळ्या वादाचा काडीचा उपयोग नाही, असं मी तिला सांगितलं. शतावरी प्रोलॅक्टिन वाढवते असं शंभर टक्के मान्य केलं, तरी ते वाढवायला ते बनवणारी मेंदूतली ग्रंथी जिवंत हवी.

संध्याकाळी रिपोर्ट आले. प्रोलॅक्टिन ३ च्या खाली. पाजणाऱ्या आईचं तिसऱ्या आठवड्यात ते शंभराच्या पुढे असायला हरकत नसते. कॉर्टिसॉल जेमतेम मोजता येईल एवढं. सोडियमही बरंच कमी, १२४. फ्री टी-फोर खाली, आणि टीएसएच पुन्हा 'नॉर्मल'.

त्या नॉर्मलनंच सगळ्यांना फसवलं होतं. थायरॉइड ग्रंथी आळशी झाली की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी टीएसएच वाढवून तिला हाकलते, म्हणून टीएसएच वाढलं की आपण थायरॉइड कमी समजतो. इथे हाकलणारीच मेली होती. गरोदरपणात प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी वाढून ही ग्रंथी मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं, आणि बाळंतपणात रक्तदाब एकदम कोसळला तर तिचा रक्तपुरवठा तुटतो. हॅरोल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून शीहान सिंड्रोम. बाळंतपणं सुरक्षित झालेल्या देशांत तो विरळ झालाय, आपल्याकडे नाही. आणि त्याचं पहिलं लक्षण बहुतेक वेळा हेच असतं, दूध न येणं. ते चुकलं की मग पाळी न येणं, काखेतले केस जाणं, कायम थंडी वाजणं. काही जणींचं निदान व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. तोवर त्या 'अशक्त' म्हणून टॉनिकवर असतात.

फिजिशियननी त्याच रात्री हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या कॉर्टिसॉलचंच, इंजेक्शन सुरू केलं. थायरॉक्सिनला मुद्दाम हात लावला नाही. कॉर्टिसॉल नसताना आधी थायरॉक्सिन दिलं तर शरीराची मागणी वाढते आणि बाई अचानक कोसळू शकते. क्रम उलटा झाला तर जीव जातो, असं त्यांनी इंटर्नला दोनदा बजावलं. थायरॉक्सिन दोन दिवसांनी आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राउंडला गेले तर ती उठून बसली होती. मी काही विचारायच्या आत तिनंच विचारलं, "बाळाला किती पाजलं सकाळपासून?" आदल्या दिवशी तिनं बाळाचा विषय एकदाही काढला नव्हता.

दूध येणार नाही हे मीच सांगितलं. मावशींना ते पटायला वेळ लागला. ग्रंथीची गोष्ट त्यांना कळली नाही असं नाही, पण एकोणीस दिवस दिवसातून तीनदा दूध तापवणाऱ्या बाईला 'याचा उपयोग नव्हता' हे ऐकणं सोपं नसतं. त्यांच्या हातून काही चुकलेलं नव्हतं, तेही सांगितलं. बाळ घरी जाताना जन्मवजनाच्या वर होतं.

तेव्हापासून शतावरी लिहिण्याआधी मी केसपेपरवर तीन गोष्टी नोंदवते: छाती भरून आली होती का, बाळंतपणात रक्त किती गेलं, बाळाचं आजचं वजन. यातली पहिली गोष्ट विचारायला मिनिट लागत नाही. रक्ताचा प्रश्न मात्र बाईला विचारून भागत नाही, फाइलच बघावी लागते.

महिन्याभरानं जावई एकटाच आला. खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही आयुर्वेदाच्या, म्हणून तुमच्याकडे आलो. या स्टेरॉइडच्या गोळ्या जन्मभर म्हणतात. ऐकूनच घरचे घाबरलेत. तुमच्याकडे याऐवजी काही असेल ना?"

नाही म्हटलं. जे तिचं शरीर रोज बनवायचं आणि आता बनवत नाही, तेवढंच आपण गोळीतून परत देतोय. अंगावर सूज आणणारा मोठा डोस हा नव्हे. माझ्या कुठल्याही काढ्यात कॉर्टिसॉल नाही, आणि ही गोळी मनानं बंद केली तर साध्या तापातही ती दगावू शकते. तो गप्प बसला. मग म्हणाला, "आणि ती शतावरी? डब्यात थोडी शिल्लक आहे."

"घेतली तर घेऊ दे. दुधासाठी नको आणि गोळीच्या बदल्यात तर नकोच."

त्यानं खिशातून फिजिशियननी दिलेलं कार्ड काढलं. ते इंग्रजीत होतं आणि घरात तो सोडून कोणाला वाचता येत नव्हतं. मी मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं: गोळी एकही दिवस चुकवायची नाही. ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल, अपघात झाला किंवा ऑपरेशन ठरलं, तर हे कार्ड दाखवून ताबडतोब इंजेक्शन घ्यायचं. खाली आमच्या वॉर्डाचा फोन नंबर घातला आणि पुढच्या तपासणीची तारीख.