दूधकपाटाच्या दारावरचा हिशोब

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. एक काका टेम्पोत घालून जाळीचं कपाट घेऊन आले. आताच्या पोरांनी पाहिलेलं नसतं म्हणून सांगतो, फ्रिज यायच्या आधी दूध, दही, लोणी, उरलंसुरलं ठेवायला हे असायचं, दोन्ही बाजूंना बारीक जाळी म्हणजे वारा खेळता राहतो आणि माशी मांजर आत जात नाही, आणि चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंगी चढत नाही. या कपाटाची दारं मात्र भरीव होती, सागवानी फळीची, उंची साडेचार फूट, मागची बाजू देवदारी खोक्याच्या फळ्या ठोकून केलेली आणि बाहेरून सगळ्याला चॉकलेटी ऑइलपेंट.

काकांचा नारायण पेठेतला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. आता बावधनला नवव्या मजल्यावर फ्लॅट, आणि आईने सगळ्या सामानातून ही एकच वस्तू मागितली. काका म्हणाले एकदम नवीन दिसलं पाहिजे, वॉलनट शेड मारा, वरून पीयूचं ग्लॉसी म्हणजे चकचकीत पॉलिश, आत क्रोकरी ठेवू. मी म्हटलं काका, या सागाला ग्लॉसी मारलं तर प्लास्टिकसारखं दिसेल, साधं स्पिरिट पॉलिश करू. ते म्हणाले बघू.

बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे सुरुवात ठरलेली. एका कोपऱ्यात रंग खरवडला आणि स्पिरिटचा कापूस फिरवला, खालचं चिकट झालं, म्हणजे मूळ पॉलिश लाखेचं. ऑइलपेंट किती जुना कोणाला माहीत नव्हतं, आणि घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, त्याआधीच्या थरात काय असेल ते खरवडणाऱ्याच्या छातीत जातं, म्हणून असा रंग मी कोरडा घासत नाही, हाताखालच्या पोरालाही घासू देत नाही. रिमूव्हर लावायचा, फुगला की पत्तीने काढायचा, मग पाणी लावून काचपेपर, तोंडाला मास्क. दोन दिवस गेले त्यात. पाय खालून बोटभर कुजलेले होते, वर्षानुवर्षं वाट्यांत उभे राहून.

पाय काढायला खालच्या आडपट्टीचा जोड उकलला तर खाचेतून माती पडली. जुन्या जोडातून भुसा पडतो, झुरळांची अंडी पडतात, वाळलेला सरस पडतो, पण ही माती होती, राखाडी-तपकिरी आणि पिठासारखी मऊ. पोराला म्हटलं कुंभारमाशीचं घर असेल. मग दुसरा जोड उकलला, तिसरा उकलला, सगळ्यांत तीच. खालच्या सगळ्या जोडांत माती आणि वरच्या एकातही नाही. काय ते कळेना, तरी झाडून टाकवेना म्हणून कागदाच्या पुडीत बांधून फळीवर ठेवली.

आता दारांचं. दारं आतून रंगवलेली नव्हती, नुसती लाख आणि त्यावर चुलीच्या धुराचा काळा थर. मी पोराला सांगितलं, डावं दार घे, आतून स्पिरिट आणि तारेच्या चोथ्याने धुऊन काढ, आणि मी दुसऱ्या साइटवर निघून गेलो. परत आलो तेव्हा दार लख्ख झालं होतं. संध्याकाळी उजवं दार मी स्वतः घेतलं, आधी साबणाच्या पाण्याने पुसत होतो, उन्हं तिरकी येत होती दुकानात, आणि त्या उजेडात फळीवर रेघा चमकल्या. आधी वाटलं ओरखडे आहेत. मोबाइलचा लाइट आडवा धरला तर शिसपेन्सिलीने लिहिलेले आकडे, ओळीच्या ओळी, आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जुलै’. माझ्या पोटात गोळाच आला, कारण पेन्सिल लाखेच्या वर होती, आणि लाख स्पिरिटने विरघळते तेव्हा तिच्यावरचं सगळं तिच्याबरोबर जातं. धावत जाऊन डावं दार बघितलं. काही नाही, कोरी फळी.

काकांना फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आईला घेऊनच आले. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, नऊवारी, हात धरून चालत होत्या पण नजर चांगली. त्यांना स्टुलावर बसवलं, दार समोर टेबलावर आडवं ठेवलं आणि लाइट धरला.

मी रात्रभर ते आकडे बघून विचार करत होतो, एकच्या पुढे दोन उभ्या रेघा कशासाठी, मला वाटलं कसली तरी खूण असेल. आजींनी बोट ठेवलं आणि सरळ वाचायलाच लागल्या, ‘दीड, दीड, दीड, दोन, दीड, सव्वा, खाडा, दीड...’ दोन रेघा म्हणजे अर्धा, एक रेघ म्हणजे पाव, १॥ शेर, १। शेर. रतिबाचा हिशोब. गवळी दूध घालून गेला की सासूबाई कपाट उघडून दूध ठेवायच्या आणि तिथेच लिहायच्या, कानाला पेन्सिल अडकवलेली असायची म्हणे. ‘हे दोन म्हणजे पाहुणे आले असणार,’ आजी म्हणाल्या.

मग त्यांचं बोट थांबलं. अकरा आकडे आणि पुढे नुसती शून्यं, महिना संपेपर्यंत. त्यांनी पुन्हा मोजले. वर साल लिहिलेलं नव्हतं, पण आजी काकांकडे बघून म्हणाल्या, ‘अकराच आहेत रे. बारा तारखेला पाणी आलं.’

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं फुटलं आणि मुठा नदी पेठांत शिरली. पुण्यात वाढलो, हे सगळं ऐकलेलं, पण माझ्या टेबलावर ते असं रोजच्या दुधाच्या हिशोबात थांबलेलं बघून अंगावर काटा आला. पहिल्या मजल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं, आजी सांगत होत्या, लग्न होऊन वर्षही झालेलं नव्हतं, सगळे गच्चीवर. नंतर नळाला पाणी नाही, कारण धरणच रिकामं, विहिरीवरून आणि हौदावरून कळशा, मग दूध कुठलं. ऑगस्टच्या मध्यापासून आकडे पुन्हा सुरू होतात पण अक्षर वेगळं, गोल गोल. ‘हे माझं. सासूबाई पुरानंतर अंथरुणातून उठल्याच नाहीत फारशा.’

मी फळीवरची पुडी आणून दाखवली, कुठून निघाली ते सांगितलं. आजींनी नुसती मान हलवली.

आणि मग त्यांनी विचारलंच, ‘डाव्या दारावर जानेवारी ते जून होतं. ते कुठंय?’

सांगावं लागलं. पोराचं नाव नाही घेतलं, काम मी सांगितलेलं होतं, आणि धुराखाली काय आहे ते न बघता स्पिरिट लावायला सांगणं ही चूक माझीच. आजी थोडा वेळ त्या कोऱ्या फळीवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, ‘असू दे. त्यात काही विशेष नव्हतं हो. रोजचा दीड शेर.’ त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

वॉलनट आणि ग्लॉसीचा विषय काकांनी स्वतःच सोडला. पायांना खालून जुन्या सागाचे तुकडे जोडले, नवीन जाळी लावली, बाहेरून बोळ्याने लाखेचे हात दिले, रोज थोडे थोडे, पाऊस पडायच्या आत संपवायचं होतं कारण दमट हवेत लाख पांढरी पडते. उजव्या दाराला आतून बोळा लावलाच नाही, पेन्सिल ओढली गेली असती, पातळ लाख स्प्रे गनने लांबून तीनदा नुसती उडवली. आतल्या फळ्यांवर खाली पाण्याची एक काळपट रेघ होती, ती पेपर मारला असता तर गेली असती. आजींनी ठेवायला सांगितली.

बावधनला कपाट पोचवलं तेव्हा पुडीही दिली. आजींनी ती उघडली, चिमूटभर माती बोटांत चोळली, नाकाशी नेली.

‘वास गेला हिचा,’ म्हणाल्या.