एका श्वासात बावीस

पोरगा हनुवटी वर करून माझ्याकडे बघत होता. वय १९, अंगात आदल्या दिवशीचाच टी-शर्ट, आणि बघण्याची तऱ्हा अशी की जणू मीच त्याच्या दारात काही मागायला आलेय. कॅज्युअल्टीत अशी पोरं रोज येतात, त्यामुळे आधी मी मनातल्या मनात म्हटलं, काय माज आहे! मग दिसलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडल्यात, भुवया ओढून वर धरल्यात, आणि तरी पापण्या अर्ध्यावरच अडकल्यात. उरलेल्या फटीतून तो बघत होता. मान मागे टाकल्याशिवाय त्याला मी दिसतच नव्हते.

केसपेपरवर होतं: पहाटेपासून पोटदुखी, दोन उलट्या. सर्जरीचा रेसिडेंट पोट दाबून गेला होता, पोट मऊ होतं, सोनोग्राफी लिहिली होती. सकाळचे दहा वाजून गेलेले, ऑगस्टचा पाऊस, फरशीवर चिखलाची पावलं. सफाईचे मामा दर दहा मिनिटांनी पोछा मारून वैतागलेले.

पोराच्या मांडीवर टॉवेल होता आणि तो सारखी लाळ त्यात पुसत होता. पोटदुखीच्या पेशंटला उलटीची भांडी लागतात, टॉवेल लागत नाही. त्याला थुंकी गिळता येत नव्हती.

मी तेव्हा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' या पदव्युत्तर कोर्सच्या पहिल्या वर्षाला होते. नाव लांबलचक आहे. घरी मी 'आयसीयूचं एम.एस्सी.' एवढंच सांगते. बी.एस्सी. नर्सिंग आणि वॉर्डातला अनुभव असला की दोन वर्षांची ही रेसिडेन्सी करता येते. वर्गात बसायचे तास थोडे, बाकी सगळं पेशंटच्या उशाशी. आपल्याकडे हा अभ्यासक्रम २०१६-१७च्या सुमारास आला. मूळ कल्पना अमेरिकेतली. १९६५ साली कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ अशा दोघांनी ती लहान मुलांसाठी सुरू केली, आणि अत्यवस्थ मोठ्या माणसांसाठी वेगळं नर्स प्रॅक्टिशनर शिक्षण तिथेही नव्वदच्या दशकात उभं राहिलं. तिथल्या बऱ्याच राज्यांत अशी नर्स स्वतःच्या सहीने औषध लिहिते. मी लिहीत नाही. माझ्या प्रत्येक ऑर्डरखाली डॉक्टरची सही लागते, आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी मला त्या सहीचा आधारच वाटायचा.

त्याआधी सहा वर्षं मी आयसीयूत स्टाफ नर्स होते. म्हणजे हात चालतात. काळोखातही शीर सापडते. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि त्या दिवशी तोच आडवा आला.

आई बाहेर बाकावर होती. तिला आत बोलावलं.

"मावशी, ह्याला काही चावलं का?"

"न्हाई ओ ताई. चावलं असतं तर कळलं नसतं व्हय?"

"रात्री झोपला कुठं?"

"पडवीत. लाईट न्हवती, उकडत हुतं. वाकळ टाकून झोपला खालीच. चारला उठला पोटात दुखतंय म्हणून. पित्त असंल म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं गावात. आता डोळं झाकाया लागलाय. जागरणानं असंल ना?"

पावसाळा, जमिनीवरचं अंथरूण, पहाटेची पोटदुखी, सकाळी पापण्या खाली. हे चार शब्द ओळीने आले की महाराष्ट्रात मण्यार सापाचं नाव आधी घ्यायचं, हे आम्हाला सरांनी घोकून घेतलं होतं. सर म्हणजे माझे डॉक्टर प्रिसेप्टर, पेशंटच्या उशाशी शिकवणारे. मण्यार रात्री फिरते, उबेला अंथरुणात शिरते, झोपलेल्या माणसाने कूस बदलली की चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा खूण सापडत नाही. सूज नाही, आग नाही, माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. घोणस किंवा फुरसं चावलेला माणूस बोंब मारत येतो, मण्यारीचा पोटदुखी म्हणून सर्जरीच्या रांगेत बसतो.

मी आणि माझ्या नर्सिंग प्रिसेप्टर मॅडम, दोघींनी त्याला नखशिखांत तपासलं. बोटांच्या बेचक्या, कानामागे, केसांत. खूण नाही. शेवटपर्यंत सापडली नाही.

मग मी त्याला म्हटलं, "एकदा छाती भरून श्वास घे, आणि मध्ये श्वास न घेता मोठ्याने आकडे मोज."

ही चाचणी फुकट आहे. एका श्वासात आकडे किती जातात यावरून छातीच्या स्नायूंत जोर किती उरलाय ते कळतं. सेकंदाला दोन या वेगाने धडधाकट माणूस पन्नासच्या आसपास जातो. माझी मजल त्या रात्री घरी ४६ आली. पंधरा-वीसच्या खाली आलात की काळजी. पोरगा नाकातल्या आवाजात मोजत गेला आणि २२ वर थांबला. १० वाजून ४० मिनिटं. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८.

ड्युटीवरचा रेसिडेंट शेजारच्या बेडवर अपघाताच्या पेशंटमध्ये गुंतला होता. त्याला सांगितलं, सरांना फोन केला. सरांनी फोनवरच झाडाझडती घेतली. गुलेन-बारी, म्हणजे पायांपासून वर चढत जाणारा लुळेपणा, तो का नाही? वरून खाली उतरतंय सर, पायात अजून जोर आहे, आणि तासांत वाढलंय. कीटकनाशक? बाहुल्या बारीक नाहीत, घाम नाही, वास नाही. रक्त गोठतंय का? लावलंय सर.

ते 'लावलंय' म्हणजे दोन मिली रक्त काचेच्या कोरड्या ट्यूबमध्ये घालून वीस मिनिटं न हलवता ठेवणं. वीस मिनिटांनी ट्यूब तिरकी करायची. रक्त वाहिलं तर घोणस-फुरशाचं विष. इंटर्नने उत्साहाने प्लास्टिकची ट्यूब उचलली होती, ती काढून घेतली. गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागाने होते, प्लास्टिकमध्ये ही चाचणी फसवते. अकरा वाजता ट्यूब तिरकी केली, गोळा जागचा हलला नाही. त्याच वेळी पोराला पुन्हा मोजायला लावलं. १८.

"एएसव्ही चालू करा," सर म्हणाले. "खूण सापडायची वाट बघू नका. येतोच मी." निओस्टिग्मिनचा एक डोस देऊन बघितला. नागाच्या विषात त्याने कधी कधी पापणी डोळ्यांदेखत उघडते. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच खातं, तिथे त्या औषधाला पकड मिळत नाही. पापण्या जागच्या जागी राहिल्या.

आता जे झालं ते मला सविस्तर सांगायचंय.

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, ते पावडरच्या रूपात येतं. दहा व्हायल. प्रत्येकीत दहा मिली पाणी घालायचं आणि तळहातात हळूहळू फिरवत विरघळवायचं. जोरात हलवली की फेस होतो आणि मग बसा फेस विरायची वाट बघत. त्या दिवशी कॅज्युअल्टीत दोनच स्टाफ होत्या आणि एक अपघाताकडे. दुसरी माझी बॅचमेट. आम्ही दोघींनी एकाच खोलीत चार वर्षं काढलेली. ती दहा व्हायली मांडून एकटीच बसली होती. मी बघितलं आणि हातमोजे घालून शेजारी उभी राहिले. अॅड्रेनॅलिन भरून ठेवलं, रिअॅक्शन आली तर हाताशी हवं म्हणून. मग एक व्हायल, दुसरी, तिसरी. काम असं की मन शांत होतं. पिवळसर पाणी निवळत जातं, रिकामी व्हायल ट्रेमध्ये जाते, आकडा दिसतो. ती म्हणाली, "बरं झालं आलीस, मला वाटलं आता तू मॅडम झालीस." आम्ही हसलोही.

सहाव्या व्हायलीला मॅडमनी माझ्या हातातून ती काढून घेतली. अक्षरशः काढून.

"हे आत्ता तुझं काम नाही. पेशंटकडे जा."

"मॅडम, ती एकटी आहे."

"माहितेय मला. ती एकटी आहे म्हणून मी बसते. तुझ्या पेशंटकडे कोण आहे?"

कोणी नव्हतं. आई होती, ती त्याचा टॉवेल बदलत होती. बॅचमेटने मान वर केली नाही. मला त्या क्षणी मॅडमचा राग आला होता, हेही लिहून ठेवते.

११ वाजून ३५ मिनिटं. मॉनिटरवर ऑक्सिजन ९७, हिरवा आकडा, अलार्म नाही. "मोज रे बाळा." एक, दोन, तीन... ८. मान उशीवरून उचल म्हटलं, उचलली नाही. श्वास घेताना पोट फुगायच्या ऐवजी आत जात होतं.

रेसिडेंटकडे गेले. तो रक्ताने माखलेल्या हातांनीच म्हणाला, "सिस्टर, सॅच्युरेशन ९७ आहे की. आयसीयूत शिफ्ट करू, तिकडे बघतील."

सहा वर्षांपूर्वीची मी इथे म्हणाले असते, "सर, पण पेशंट बरा वाटत नाहीये." हे वाक्य प्रत्येक नर्सने हजार वेळा म्हटलेलं आहे आणि ते बहुतेक वेळा खरं असतं. पण त्याचं पुढे काही करता येत नाही, कारण समोरच्याच्या हातात त्यातून काही पडत नाही. मी म्हटलं, "एका श्वासातली मोजणी तासाभरात २२ वरून ८. मान उचलत नाही. पोट उलटं हलतंय. ऑक्सिजन शेवटी पडतो, कार्बन डायऑक्साइड आधी चढतो. रक्तातले गॅस तपासायला पाठवलेत, पण रिपोर्टआधी अॅनेस्थेशियाला बोलावू या. लिफ्टमध्ये श्वास थांबला तर हातात फक्त अँबूची पिशवी असेल, हाताने दाबून श्वास द्यायची."

त्याने दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "बोलवा."

गॅसचा रिपोर्ट इंट्युबेशन करताना, म्हणजे श्वासनलिकेत नळी टाकताना, आला. कार्बन डायऑक्साइड ५४. तो ३५ ते ४५ हवा. बारा वाजून पाच मिनिटांनी पोरगा व्हेंटिलेटरवर होता. दहा व्हायलींचं सलाईन त्याआधीच चालू झालं होतं, मॅडम आणि बॅचमेटने मिळून संपवलं ते.

सर आले, सगळा कागद वाचला, फार काही बोलले नाहीत. मग बोट ठेवलं. "११ ला १८. ११:३५ ला ८. मधे?"

"बघितलं नाही सर."

"का?"

"व्हायल फिरवत होते."

सरांनी चष्मा काढून पुसला. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. "दर दहा मिनिटांनी मोजायचं असं फोनवर कोण म्हणालं होतं?"

मीच म्हणाले होते.

संध्याकाळी सहाला वर आयसीयूत गेले. पोरगा पूर्ण लुळा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, टॉर्चला हलत नव्हत्या. कफ ओढायला सक्शनची नळी घातली तरी बोट हललं नाही. नाईटच्या मामांनी मला हळूच विचारलं, "सिस्टर, गेल्यातच जमा ना हे?" मण्यारीत हे फसवं असतं. मेंदू शाबूत, फक्त तिथून निघालेला निरोप स्नायूंना पोचत नाही, बाहुल्यांच्या स्नायूंनाही नाही. प्रतिविषाने अंगात फिरतं विष अडतं, झालेली इजा भरून यायला दिवस जातात, तोवर श्वास यंत्राने घ्यायचा.

ही सगळी माहिती मामांना सांगता सांगता माझं लक्ष मॉनिटरवर गेलं. सक्शन केलं की नाडी ९६ वरून १३० वर जात होती. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी. चार्ट बघितला, झोपेचं औषध लिहिलेलंच नव्हतं. पेशंट हलत नाही, यंत्राशी भांडत नाही, त्यामुळे कोणाला सुचलं नाही. दिवसभर हा पोरगा आत जागा होता. आम्ही त्याच्या छातीवर हात ठेवून त्याच्याच बाहुल्यांबद्दल बोलत होतो.

आयसीयूच्या रेसिडेंटला सांगितलं, त्याने लगेच ऑर्डर लिहिली. डोळ्यांत मलम घालून पापण्या टेपने मिटल्या. मग वाकून त्याच्या कानाशी सांगितलं, कुठे आहेस, काय चावलंय, आई बाहेर आहे, पापण्या चिकटवल्यात म्हणून अंधार आहे. माझा आवाज फारच शिकवल्यासारखा येत होता. आईला आत घेतलं. तिने पायाला हात लावला आणि म्हशीने दूध दिलं नाही आज, एवढंच बोलली.

सहाव्या दिवशी नळी निघाली. मी तेव्हा ओपीडीत होते. बॅचमेटचा फोन आला. त्या सकाळपासून ती डबा वेगळ्या टेबलावर खात होती. "तुझ्या पोराची नळी काढली. पहिला शब्द काय माहितेय? चहा." आणि फोन ठेवला. संध्याकाळी मी वर जाऊन आले. त्याला काय काय ऐकू आलं होतं ते मी विचारलं नाही.

आमच्या लॉगबुकात प्रत्येक कौशल्यापुढे तीन रकाने असतात: पाहिलं, मदत केली, स्वतः केलं. त्या दिवसाखाली इंट्युबेशनपुढे 'मदत केली'वर खूण केली. मोजणीला रकानाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, शारीरिक तपासणीखाली लिही. मी लिहिलं: २२, १८, मग एक आडवी रेघ, मग ८. सरांनी सही करताना त्या रेघेभोवती लाल गोल काढला.