पाच ओळींचं कार्ड

कांद्यावरचं २० टक्के निर्यातशुल्क १ एप्रिलपासून शून्य होणार, ही बातमी आली २२ मार्च २०२५ ला. वार शनिवार. आमचं न्यूजलेटर जातं दर शनिवारी सकाळी ६ वाजता. म्हणजे आमच्या वाचकांसाठी महिन्यातली सगळ्यात मोठी बातमी आमचा अंक इनबॉक्समध्ये पडून गेल्यावर आली, आणि पुढचा अंक सात दिवसांवर. हातात उरल्या फक्त छोट्या पोस्ट. त्या शनिवार-रविवारी जे झालं त्याचा हिशोब अजून पुरता लागलेला नाही.

आमचे वाचक म्हणजे कांद्याच्या धंद्यातली माणसं: निफाड-येवला-चांदवड पट्ट्यातले चाळवाले (कांदा चाळीत साठवून ठेवणारे शेतकरी), बाजार समित्यांमधले व्यापारी, वाशीचे निर्यातदार आणि थोडे पत्रकार. आठवडाभराचं काम बाहेरच्यांना वाटतं त्याच्या उलटं चालतं. अंक लिहून मग त्याच्या पोस्ट काढायच्या, असं आम्ही करत नाही. सोमवार ते गुरुवार पोस्ट टाकतो, कुठल्या पोस्टवर माणसं खरोखर भांडतात ते पाहतो आणि शुक्रवारी अंक त्याच प्रश्नावर लिहितो. एका पोस्टमध्ये एकच आकडा किंवा एकच प्रश्न. अंकाचा सारांश पोस्ट म्हणून टाकला तर तो कुणी वाचत नाही. आणि चुकून वाचलाच, तर अंक उघडायचं कारण उरत नाही.

मराठीत छोटी पोस्ट लिहिणं ही वेगळीच कसरत आहे. एक्सवर मर्यादा २८० ची, पण तिथे मोजणी आपल्या अक्षरांची नसते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडायचं चिन्ह हे सगळं सुटं मोजलं जातं. ‘निर्यातशुल्क’ वाचताना पाच अक्षरं, मोजणीत बारा. ‘कांदा’ दोन, मोजणीत पाच. लिंक कितीही लांब असो, ती २३ खाते. म्हणून आम्ही ‘टक्के’ न लिहिता चिन्ह टाकतो (चार वाचतात), ‘निर्यातशुल्क’ एकदाच लिहून पुढे नुसतं ‘शुल्क’ म्हणतो (सात वाचतात), आणि जोडाक्षरांनी भरलेला शासकीय शब्द दिसला की आधी त्याचा बोलीतला भाऊ शोधतो. ‘प्रतवारी’च्या जागी ‘निवड’. भाषाही सुधारते, जागाही वाचते. हे काम मला आवडतं. बाकीच्यांना तो किरकोळ हमालीचा भाग वाटतो.

त्या संध्याकाळी ठरलं की एक कार्ड करायचं. चौकोनी चित्र, पाच ओळी. ऑगस्ट २०२३: ४० टक्के शुल्क. ८ डिसेंबर २०२३: निर्यातबंदी. ४ मे २०२४: बंदी उठली, पण टनाला किमान निर्यात दर ५५० डॉलर आणि वर ४० टक्के शुल्क. सप्टेंबर २०२४: किमान दराची अट गेली, शुल्क २० वर. १ एप्रिल २०२५: शून्य. वर शीर्षक, खाली आमचं नाव. पोस्टमध्ये दोन वाक्यं आणि न्यूजलेटरच्या नोंदणीची लिंक पहिल्या उत्तरात. लिंक उत्तरात टाकायची हा काही आमचा शोध नाही. मूळ पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खाली द्या, असं एक्सच्या मालकानंच नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर सांगितलं होतं. फेसबुकवरच्या कांदा उत्पादकांच्या ग्रुपमध्ये तेच कार्ड, लिंक पहिल्या कमेंटमध्ये. इन्स्टाग्रामच्या मजकुरात लिंक दाबताच येत नाही, म्हणून तिथे स्टोरीवर लिंकचं स्टिकर. प्रत्येक लिंकच्या शेपटीला वेगळी खूण, म्हणजे कुठून कोण आलं ते कळतं.

रविवारी लिलाव बंद. सोमवारी काय भाव निघेल याचीच चर्चा, आणि सगळ्यांच्या हातात फोन. कार्ड सुटलं. एरवी आमची पोस्ट चाळीस-पन्नास जणांना आवडते. या कार्डाच्या सूचना रविवारी दुपारी बंद करून ठेवाव्या लागल्या. आमचे संचालक दर तासाला आकडा विचारत होते आणि दर तासाला खूश होत होते. मी बघत होतो नोंदणीचा फॉर्म. तिथे रांग नव्हती. होती ती गळती.

पहिली गळती स्क्रीनशॉटची. आपल्याकडे चांगली पोस्ट शेअर होत नाही, तिचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो व्हॉट्सअॅपवर जातो. स्क्रीनशॉटमध्ये उत्तरातली लिंक येत नाही. लोक तो कापतात तेव्हा खालची पट्टी आधी जाते, आणि आमचं नाव नेमकं खालीच, तेही फिकट राखाडी रंगात. आमच्या डिझायनरला नाव ‘डोळ्यांत न खुपणारं’ हवं असतं. नाव डोळ्यांत खुपलं पाहिजे यावर आमचं वर्षभर भांडण चाललंय. व्हॉट्सअॅपवरून जे थोडे साईटवर पोचले ते खुणेशिवाय पोचले. नोंदीत ते नुसते ‘डायरेक्ट’ दिसतात, म्हणजे कुठून आले ते देवाला माहीत.

रविवारी रात्री ते कार्ड आमच्याकडेच परत आलं. तळाशी ठळक लाल अक्षरांत एका कृषी सेवा केंद्राचं नाव, मोबाईल नंबर आणि ‘सौजन्य’. आधी चीड आली. मग नीट पाहिलं तर त्या दुकानदारानं आमच्यापेक्षा चांगलं काम केलं होतं. नाव मोठं, रंग उठून दिसणारा, आणि नंबर असा की बघितला की फोन लावता येतो. आमच्याकडे काय होतं? रोमन लिपीतला पंचवीस अक्षरांचा पत्ता. मागच्या एका कार्डावर तर आम्ही क्यूआर कोडही छापला होता. ज्या फोनवर कार्ड दिसतंय त्याच फोननं तो स्कॅन कसा करायचा, हा प्रश्न बैठकीत एकालाही सुचला नव्हता. क्यूआर बाजार समितीच्या रोख खिडकीशेजारी कागदावर चिकटवा, तिथे तो चालतो.

दुसरी गळती फॉर्मवर. अॅपमधून लिंक दाबली की ती बहुतेक वेळा त्या अॅपच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे ई-मेल पत्ता आपोआप भरला जाईल याची खात्री नसते, माणूस हातानं टाईप करतो. मग ‘जीमेल डॉट कॉन’, ‘जीमेल डॉट को’, ‘जीमिअल’. त्या दोन दिवसांत १८६ नोंदी आल्या, त्यातल्या तेवीस पत्त्यांची अशी वाट लागलेली होती. हे पत्ते तसेच यादीत राहिले तर मेल आदळून परत येतात आणि पाठवणाऱ्याची पत घसरते. फॉर्ममध्येच ‘तुम्हाला जीमेल डॉट कॉम म्हणायचंय का?’ असं विचारणारी दोन ओळींची तपासणी बसवता येते. ती आता बसवली आहे. आधी का नव्हती, याचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते लाजिरवाणं आहे: ते काम माझ्याच यादीत चार महिने पडून होतं.

तिसरी गळती सगळ्यात मोठी. आमच्याकडे नोंदणी दोन टप्प्यांत होते. पत्ता भरला की एक मेल जातो, त्यातलं बटण दाबलं तरच नाव यादीत पक्कं होतं. हे मी सोडणार नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांना नियम घातलेत. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तीन नोंदी डोमेनवर हव्यात, एका दाबात नाव काढून घ्यायची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात. तो ‘मोठा’ आकडा दिवसाला ५,००० मेलचा आहे. आम्ही तिथवर जात नाही, पण छोट्या यादीत हजारात तीन जण चिडले तरी तेच प्रमाण होतं. तेव्हा ज्याला खरंच हवंय तोच यादीत असलेला बरा.

फक्त तो पक्कं करण्याचा मेल इंग्रजीत होता. स्वागताचा मेल मराठीत, अंक मराठीत, नाव काढायचं पानही मराठीत. हा एक साचा मेल पाठवणाऱ्या सेवेनं दिलेला तसाच राहिला होता. विषयाच्या जागी ‘प्लीज कन्फर्म युवर सबस्क्रिप्शन’ आणि खाली एक भलंमोठं बटण, तेही इंग्रजीत. बँका, पोलीस, मुलं-भाचे सगळे या माणसांना रोज बजावतात की अनोळखी मेलमधलं बटण दाबू नका. त्यांनी दाबलं नाही. शहाणपणच केलं. रविवारी रात्रीपर्यंत पक्की झालेली नावं एकोणसाठ.

मी साचा बदलला. विषय: ‘कांद्याचं पत्र: तुम्ही आत्ताच नाव नोंदवलंत, ते पक्कं करा’. आत तीन ओळी, कार्डाचं छोटं चित्र, म्हणजे आपण कुठून आलो ते माणसाला ओळखू येईल, आणि बटणावर ‘हो, दर शनिवारी पाठवा’. राहिलेल्यांना तो एकदाच पुन्हा पाठवला. एकदाच. तिसऱ्यांदा पाठवला की आपण स्पॅमच. त्यातून बावीस आणखी आले.

उरलेले का आले नाहीत, याचा शोध घेताना जे कळलं ते कुठल्याच सल्लागारानं सांगितलं नव्हतं. (आमच्या एका सल्लागाराचं म्हणणं एवढंच की दिवसाला पाच पोस्ट टाका. कांद्याचा भाव दिवसाला पाचदा बदलत नाही, हे त्याला सांगून उपयोग नाही.) कार्डावरून आलेल्या, पण नाव पक्कं न केलेल्या काही चाळवाल्यांना सरळ फोन केले. जवळजवळ प्रत्येकाकडे जीमेलचा पत्ता आहे, कारण अँड्रॉइड फोन सुरू करताना तो मागितला जातो. तो काढून दिला मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं किंवा भाच्यानं. पत्ता पाठ आहे, कारण योजनांच्या अर्जात लिहावा लागतो. पण मेलचं अॅप कुणी उघडलेलंच नाही, आणि ‘प्रमोशन्स’च्या कप्प्यात पडलेल्या मेलची घंटी सहसा वाजत नाही. एक जण म्हणाले, “साहेब, मेल म्हणजे बँकेचं येतं ते ना? ते पोरगं बघतं.” ही माणसं आमच्या यादीत आली असती तरी अंक न वाचलेलीच राहिली असती. वाशीच्या निर्यातदारांचं उलटं. त्यांच्याकडे आयफोन, आणि अॅपलचं मेल अॅप २०२१ पासून चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवू शकतं, आणि अंक उघडला की नाही हे चित्र उतरण्यावरूनच मोजतात, त्यामुळे न वाचलेला अंकही वाचल्यासारखा दिसतो. म्हणून उघडल्याचा टक्का मी आता कुणाला सांगत नाही. कोण लिंक दाबतंय आणि कोण उलट उत्तर लिहितंय, तेवढंच धरतो.

अशाच एका उत्तरानं रविवारी सकाळी घाम फोडला होता. एका निर्यातदारानं लिहिलं: “ऑक्टोबर २०२३ चे ८०० डॉलर विसरलात.” बरोबर होतं. बंदीच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात दर टनाला ८०० डॉलर केला गेला होता. ती सहावी ओळ होती. चौकोनात पाच नीट बसत होत्या, सहावी टाकली की अक्षर लहान होत होतं, म्हणून ती उडाली. उडवणारा मी. मी लगेच दुरुस्त कार्ड टाकलं, मूळ पोस्टखाली खुलासा लिहिला. तोवर पहिलं कार्ड स्क्रीनशॉट होऊन पार पुढे गेलं होतं. अंकात चूक झाली तर पुढच्या शनिवारी त्याच माणसांना दुरुस्ती पोचते. कार्डाच्या मागे दुरुस्ती धावत जाते आणि पहिल्या वळणावरच दमते.

रविवारी रात्री ९ वाजता दुसरी पोस्ट टाकली. चित्र नाही. मजकूर असा: “शुल्क २० वरून शून्यावर. यातलं शेतकऱ्याला किती मिळेल? चाळीपासून न्हावा-शेव्यापर्यंत मधले खर्च मांडतोय: निवड, गोणी, हमाली, तोलाई, वाराई, गाडी, घट. काटापट्टी किंवा भाड्याची पावती असेल तर नाव झाकून पाठवा. हिशोब शनिवारी ६ ला मेलवर.” लिंक उत्तरात. ही पोस्ट आवडली बत्तीस जणांना. संचालक म्हणाले, “पडली.”

या पोस्टच्या खुणेवरून आलेल्या नोंदी एक्केचाळीस, पक्क्या झालेल्या सदतीस. एकोणीस जणांनी काटापट्ट्यांचे (वजनाच्या पावत्यांचे) फोटो पाठवले. एकानं तर मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या वाराईच्या पावत्या शेजारी ठेवून फोटो काढला होता, अंगठ्याखाली नाव झाकून. २९ मार्चचा अंक त्या पावत्यांवरच लिहिला, आणि आजवर कुठल्याच अंकाला त्याच्याइतकी उत्तरं आली नाहीत.

आता माझी अडचण. कार्ड पसरलं ते पूर्ण होतं म्हणून. ज्याला जे हवं ते त्या चौकोनात मिळालं, मग तो पत्ता कशाला देईल? दुसरी पोस्ट पसरली नाही, कारण तिच्यात उत्तर नव्हतं. पण अर्धी गोष्ट सांगून ‘पुढचं मेलमध्ये’ म्हणणारी पोस्ट मला स्वतःला वाचायला नको वाटते. ती फसवणूक आहे. दुसऱ्या पोस्टमध्ये ती नव्हती असं मला वाटतं, कारण रविवारी रात्री उत्तर आमच्याकडेही नव्हतं. पण दर आठवड्याला खरोखर न सुटलेला प्रश्न कुठून आणायचा? आणि मेल न उघडणाऱ्या चाळवाल्याला हे सगळं कसं पोचवायचं? व्हॉट्सअॅप चॅनल काढा, असं सगळे म्हणतात. काढूही. पण तिथे वाचकाला आपणहून उलट फोटो पाठवायची सोय नाही, म्हणजे काटापट्टी येणार नाही.

तूर्त एवढंच ठरवलंय की नव्या कार्डांवर नाव तळाला नाही. ते तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये, त्याच जाडीत, ‘दर शनिवारी’ या शब्दांसह. कापायचं म्हटलं तर आकडाही कापावा लागेल. डिझायनर दोन दिवस बोलत नव्हता.

परवा जुनं कार्ड पुन्हा एका ग्रुपवर आलं. तळाशी आता दुसऱ्याच दुकानाचं नाव. ८०० डॉलरची ओळ नव्हतीच.