नोंद १४: इनलाइनचा सोस

मागच्या वेळी ऐटीत लिहिलं होतं की आता फाइल शोधण्याचा वेग वाढवतो. वेग राहिला बाजूला, मी लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नलच आडवा झाला.

पाथ (फाइलचा पत्ता) उलगडणारं माझं फंक्शन दर फोल्डरला स्वतःलाच पुन्हा बोलावतं. परतताना इनोड (फाइलच्या माहितीची नोंद) सोडायचा असतो, त्यामुळे टेल कॉलची, म्हणजे आधीच्या कॉलचीच जागा पुढच्याने वापरण्याची, सोय नाही. प्रत्येक पातळीवर ते एका मदतनीस फंक्शनकडून नाव शोधून घेतं, आणि त्या मदतनिसाकडे एक्स्ट-टू या फाइल सिस्टीमच्या एका ब्लॉकएवढा, १०२४ बाइटचा स्थानिक बफर (तात्पुरती जागा). कॉलचा खर्च वाचवू म्हणून त्याच्यावर ऑलवेज-इनलाइन ठोकलं, म्हणजे कंपायलरला त्याचा कोड बोलावणाऱ्याच्या आतच उतरवायला लावला. बूट झालं, आज्ञा घेणारा शेल आला. चार फोल्डर आत शिरलो आणि भलत्याच टास्कची रजिस्टरं (प्रोसेसरमधली मूल्यं) कचरा दाखवू लागली. दोन संध्याकाळी टास्कना पाळीपाळीने चालवणाऱ्या शेड्युलरची उलटतपासणी केली. बिचारा निर्दोष होता.

शेवटी जीसीसी या कंपायलरला स्टॅक-युसेजचा फ्लॅग दिला, म्हणजे प्रत्येक फंक्शन स्टॅकवर (कॉलसाठीच्या तात्पुरत्या मेमरीत) किती जागा घेतं ते तो फायलींत लिहितो, आणि त्या फायलींची प्रिंट घेऊन ठाणे-वाशी लोकलमध्ये शिरलो. ऐरोली यायच्या आत चोर सापडला: पाथ फंक्शनची फ्रेम, म्हणजे एका कॉलची स्टॅकवरची जागा, ९६ बाइटवरून ११३६ वर गेली होती. (शेजारच्या काकांनी विचारलं, "परीक्षा आहे का?" मी हो म्हटलं.) मदतनीस वेगळा होता तेव्हा तो परतला की बफरही सुटायचा. इनलाइन झाल्यावर बफर पाथ फंक्शनच्या फ्रेममध्ये राहायला आला, आणि ती फ्रेम खालच्या सगळ्या पातळ्या परतेपर्यंत हलत नाही. चार पातळ्यांचे ४५४४ बाइट, स्टॅक ४०९६ चा. खाली गार्ड पेज (शिरताच अडवणारं राखीव पान) नाही, हा माझाच आळस. म्हणून शेजारच्या टास्कच्या पानावर अतिक्रमण.

गंमत पुढेच आहे. ऑलवेज-इनलाइन काढून टाकलं, तरी फ्रेम ११३६ च! स्टॅटिक (एकाच फायलीपुरतं) फंक्शन एकाच ठिकाणाहून बोलावलं जात असेल तर ओ-टू या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर जीसीसी ते बहुधा स्वतःहूनच आत ओढतो. नोइनलाइन (आत ओढू नको) लिहिलं तेव्हा कुठे फ्रेम ९६ वर आली. लिनक्समध्ये खास याच कामासाठी नोइनलाइन-फॉर-स्टॅक नावाचा मॅक्रो आहे. तो वाचताना आजवर मला उगाच नखरा वाटायचा.

आणि कमाई किती झाली होती? केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनवर आरडीटीएससीने, म्हणजे प्रोसेसरच्या टिक-मोजणीने, मोजलं तर डिस्क वाचण्यापुढे तो कॉल दिसतसुद्धा नाही.

आता हाताने इनलाइन करतो ते हार्डवेअरच्या पोर्टवर लिहिणं-वाचणं, सीएलआय-एसटीआय (इंटरप्ट बंद-चालू करणं), सीआर३ (पेज टेबलचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) वाचणं असलं एखाद्या ओळीचं काम. पोर्टवर बाइट लिहिणारी सूचनाच एका बाइटची, आणि तिच्यासाठी पाच बाइटचा कॉल कशाला? तीन ओळींहून मोठं फंक्शन सहसा इनलाइन करू नये, हा लिनक्सच्या कोडिंग स्टाइलमधला ठोकताळा मला पटतो.

एका जागी मात्र वेगाचा संबंधच नव्हता. बूटच्या वेळी स्टॅक बदलणारं फंक्शन मी सीमध्ये लिहिलं होतं. परतीचा पत्ता जुन्या स्टॅकवर, आरएसपी (स्टॅकचं टोक दाखवणारं रजिस्टर) नव्यावर, मग परतणार कुठे? इनलाइन झालं तर चालायचं, इनलाइन न करणाऱ्या डीबग बिल्डमध्ये कोसळायचं. ते सरळ असेंब्लीत हलवलं.

शनिवारी गार्ड पेज. पण आधी डबल फॉल्टला (एक चूक हाताळताना झालेल्या दुसऱ्या चुकीला) आयएसटी या प्रोसेसरच्या स्टॅक-तक्त्यामधून वेगळा स्टॅक द्यायला हवा, नाहीतर गार्ड पेजला धडकलं की ट्रिपल फॉल्ट होऊन क्यूईमू (एम्युलेटर) नुसतं रीसेट होत बसेल.